आधी पाटी, मग फोटो

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. माझ्या मेडिकलच्या काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड साठतात, तसे ते साठतात. कधी आले, कुठून आले, सांगता येत नाही. एक ओढावा तर चार गुंतून बाहेर येतात. त्यातून मी पडलो आमच्या गावच्या कट्ट्याचा ॲडमिन. म्हणजे ड्रॉवर आता बंदच होत नाही असं समजा!

कट्टा म्हणजे पारावरचा नव्हे, इंटरनेटवरचा. आमचं गाव विट्याच्या जवळ. इथल्या घराघरातला निदान एक माणूस गलाईच्या धंद्यात, म्हणजे सराफांचं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याच्या. कुणी कोइमतूरला, कुणी गुवाहाटीला, कुणी पाटण्याला. गावात कमी आणि बाहेर जास्त, असं आमचं गाव आहे. ही पांगलेली माणसं एका जागी यावीत, बोलावीत म्हणून सुनंदाताईंच्या जावयानं हा फोरम तयार करून दिला. सुनंदाताई माहेरच्या आमच्या गावच्या, राहायला सांगलीजवळ माधवनगरला, शाळेतून निवृत्त झालेल्या. शुद्धलेखन सोडून त्यांना जगातली कुठलीही चूक माफ करता येते. दुसरे ॲडमिन सुभेदार आण्णा. फौजेतून रिटायर होऊन त्यांनी साताऱ्यात घर बांधलं, पण कट्ट्यावर ते अजून ड्यूटीवरच असतात. तिसरा मी. विट्यात माझं औषधांचं दुकान आहे. गावची माणसं मला डॉक्टर म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, आता सरळ ओ देतो.

किस्से हसण्याचे आहेत, पण त्यांची सुरुवात हसण्याची नाही. ती आधी सांगून टाकतो.

हायवेला कराडच्या अलीकडे एका मोटरसायकलला अपघात झाला. कुणातरी भल्या माणसानं फोटो काढला आणि 'ओळख पटल्यास कळवा' म्हणून पुढं पाठवला. हेतू चांगलाच होता. तो फोटो फिरत फिरत आमच्या कट्ट्यावर आला, उघडा, जसाच्या तसा. त्या वेळी कोइमतूरला आमचा प्रकाश भट्टीपुढं बसला होता. मुशीतलं सोनं वितळायला अवकाश होता म्हणून त्यानं मोबाइल बघायला घेतला. ओळख त्यालाच पटली. "माझा धाकटा भाऊ आहे," एवढंच त्यानं कट्ट्यावर लिहिलं. त्यानंतर त्यानं तिथं एक अक्षर लिहिलं नाही.

तो आला, सगळं केलं, परत गेला. पण तेव्हापासून गावाकडचा कुठलाही फोटो तो बघेना. व्हिडिओ कॉल घेईना. सणाला यायचंही टाळू लागला. आईला मात्र रोज फोन करतो, नुसता आवाजाचा. त्याची आई म्हणजे आक्का. गावात एकटी राहते आणि बीपीच्या गोळ्या न्यायला माझ्याकडे येते. दर खेपेला काउंटरवर कोपर टेकून ती एकच विचारायची.

"पर्काश आला का रं कट्ट्यावर?"

मी नाही म्हणायचो. मग आक्का गोळ्यांची पट्टी पदराच्या टोकाला बांधायची आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघून जायची. मला त्या वेळी फार वाईट वाटायचं. एक पोरगा गेला होता, आणि दुसरा असून बघायला मिळत नव्हता.

म्हणून आम्ही तिघांनी नियम केला. इथून पुढं आधी पाटी, मग फोटो. जावयानं तशी सोय करून दिली. मनाला लागेल असा फोटो असला की त्यावर काळा पडदा येणार. पडद्यावर पाटी, 'जपून', आणि पुढं आत काय आहे ते. ज्याला बघायचं त्यानं बोट लावून पडदा उघडायचा, नसेल बघायचं त्यानं पुढं सरकायचं. कुणी उघडला त्याचं नाव खाली येतं. पाटीची कल्पना माझी. बाटल्यांवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' चिकटवण्यात माझी हयात गेली आहे. प्रकाशला पुन्हा कट्ट्यावर यावंसं वाटावं, एवढाच त्यामागे विचार होता.

*

आता नियम केला म्हणजे लोक तो पाळतात. आणि आमचे लोक नियम पाळायला लागले की जास्त भीती वाटते.

आटपाडीकडचे आमचे एक पाहुणे आहेत, डाळिंबाची बाग असलेले. रोज बागेचे फोटो टाकायचे आणि कुणी ढुंकून बघायचं नाही. पडद्याची सोय झाल्यावर त्यांनी पहिली पाटी लावली, 'जपून. काळीज घट्ट असेल तरच उघडा.' अख्खा कट्टा तुटून पडला. कोइमतूर, पाटणा, गुवाहाटी, सगळ्यांनी कामं सोडून पडदा उघडला.

आत एक डाळिंब.

सुनंदाताईंनी त्यांना फोन लावला. पाटी गंभीर गोष्टींसाठी आहे, फळांसाठी नाही, असं अगदी शाळेतल्या आवाजात समजावलं. पाहुणे शांतपणे म्हणाले, "आवं ताई, तेल्या रोग पडलाय झाडावर. फळावरचा काळा डाग बघा की. माझं काळीज फाटलं. तुमचं न्हाई फाटलं, त्याला मी काय करू?"

ताईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, माणूस बरोबर बोलतोय हो. पाटी तशीच राहिली.

मग काय, सगळ्यांना युक्ती सापडली. विट्यातल्या एका प्लॉटवाल्यानं पाटी लावली, 'जपून. हृदय कमजोर असणाऱ्यांनी उघडू नये.' हे मात्र अति झालं. आण्णा फोनवर कडाडले. कट्ट्याची डिसिप्लिन गेली, ह्याला आजच्या आज बाहेर काढतो म्हणाले. काढण्याआधी पुरावा म्हणून त्यांनी पडदा उघडला. आत प्लॉटचा भाव होता.

"ऱ्हाऊ द्या," आण्णा म्हणाले. "पाटी बरोबर हाय."

*

गावच्या जत्रेत वेगळाच पेच. जत्रा म्हटली की मटण आलं. गावातल्या पोरांनी ताटाचे फोटो टाकायला सुरुवात केली. रश्शावर तर्री, बाजूला बाजरीची भाकरी, कांदा, सगळं साग्रसंगीत. बापूंनी लगेच हरकत घेतली. बापू माळकरी. सकाळच्या पारी हरिपाठ करून मोबाइल उघडावा तर समोर नळी! पडदा टाका, नाहीतर मी कट्टा सोडतो, असं त्यांनी जाहीर केलं.

मागणी योग्य होती. आम्ही फोटोवर पडदा टाकला, पाटी लावली, 'जपून. आत मटण आहे. माळकऱ्यांनी पुढे जावे.' बापूंनी आभार मानले. सगळं शांत झालं.

दुपारी सहज बघावं म्हणून मी त्या पडद्याखालची नावं बघितली. पहिलंच नाव बापूंचं. दुसऱ्या ताटाखालीही तेच. तिसऱ्याखालीही. पाटण्याच्या पोरांच्या ते नजरेत आलंच होतं. त्यांनी कट्ट्यावर विचारलं, बापू, रस्सा कसा वाटला?

संध्याकाळी बापूंचा मला फोन आला. आवाज खाली गेला होता. माळ घालायच्या आधी जत्रेचं मटण तेच शिजवायचे, चूल पेटवण्यापासून वाढेपर्यंत, हे मला तेव्हा कळलं. आता पोरं नीट शिजवतात का, एवढंच बघत होतो म्हणाले. मला त्यांची दया आली. पण त्यांना राग भलत्याच गोष्टीचा होता.

"खाली नाव येतंय म्हून आमास्नी काय म्हाईत?" बापू म्हणाले. "त्याची पाटी कुठं लावलीसा तुमी?"

*

यानंतरचा किस्सा तात्यांचा. तो कळायला आमच्याकडची एक रीत माहीत पाहिजे.

घरातलं माणूस गेलं की परगावच्या माणसाला ते कुणी थेट सांगत नाही. 'तब्येत बरी नाही, निघून या,' एवढंच सांगायचं. ऐकणारा काय ते समजतो. उलट काही विचारत नाही, बॅग भरतो आणि निघतो. दोन दिवसांच्या रेल्वेत माणूस एकटा असतो, शेजारी सगळे परके. तेवढा वेळ त्याच्या मनाला एक फट ठेवायची असते.

कट्ट्यावर हे कसं करायचं यावर सुनंदाताई आणि आण्णा यांचं वाजलं. ताईंचं म्हणणं, पाटीवर लिहायचं तर खरंच लिहायचं. आण्णा म्हणाले, तुमी कवा पोराच्या मैतीला असाम मेलनं गेलाईसा का? ताईंनी वाद सोडला. आण्णा फौजेत असताना काय झालं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी असं ठरलं, की मृत्यूची बातमी घरच्यांनीच फोनवर द्यायची. कट्ट्यावर ती घ्यायचीच नाही.

इतकं झाल्यावर तात्यांच्या छातीत दुखलं. तात्या गावात, त्यांची मुलं-जावई सगळी बाहेर. सांगलीला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, तात्या उठून बसले. काळजी नको म्हणून पुतण्यानं त्यांचा दवाखान्यातला फोटो टाकला. सलाइनची नळी दिसते म्हणून नियमानं पडदा टाकला. आणि पाटी लावली, 'जपून. तात्यांची तब्येत बरी नाही.'

पडदा एकानंही उघडला नाही. उघडला असता तर आत तात्या अंगठा वर करून बसलेले दिसले असते. फोनही कुणी केला नाही, कारण विचारायचं नसतं. सुरतेचे निघाले, पाटण्याचे निघाले, गुवाहाटीचे विमानानं निघाले. सांगलीला नेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून आधी पोचलेले मागच्यांसाठी सांगलीत स्टेशनवर थांबले आणि सगळे मिळून हळू आवाजात बोलत दवाखान्यात पोचले. थोरल्या जावयाच्या हातात हार होता.

तात्या उप्पीट खात होते.

दारात सगळे नुसते उभे. मी गोळ्या घेऊन तिथंच होतो. तात्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, हाराकडे बघितलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तो विसरणार नाही. म्हणाले, एवढी माणसं माझ्यासाठी येत्यात हे मला मेल्यावर कुणी सांगितलं असतं? आणि मान पुढं करून त्यांनी तो हार घालून घेतला.

त्याचा फोटो काढला गेला. तो कट्ट्यावर टाकायचा तर पंचाईत. हार घातलेले तात्या बघून आणखी चार गावांची माणसं निघाली असती. शेवटी पाटी सुनंदाताईंनी स्वतः लिहिली.

'जपून. हार घातलेला आहे. तात्या जिवंत आहेत.'

*

विलासचं दुकान कोइमतूरला प्रकाशच्या दुकानाला लागून आहे. एकदा त्याचा मला फोन आला, तक्रारीचा. रक्ताच्या फोटोवर पडदा टाकता, मग कालच्या फोटोवर का नाही टाकला? मी घाबरून कालचे सगळे फोटो पुन्हा बघितले. कुठं काही वावगं दिसेना.

"हुरड्याचा," विलास म्हणाला. "आगटीभवती समदी बसलीती बघा. माझी बायकू सकाळधरनं जेवली न्हाई."

रक्त, आग, साप, अपघात, सगळ्याच्या पाट्या आम्ही केल्या होत्या. ज्वारीच्या कणसांची केली नव्हती. त्या दिवसापासून एक नवी पाटी निघाली, 'जपून. गावाची आठवण येईल.' आजतागायत सर्वांत जास्त वापरली जाते ती हीच. ओढ्याला उतरलेली मेंढरं, शाळेची नवी कमान, नवरात्रात कुणाच्या तरी घटावर बांधलेली कडाकण्यांची, म्हणजे कडक पुऱ्यांची माळ. बाहेरची माणसं ही पाटी बघून ठरवतात, आज झेपेल की नाही.

फोन ठेवता ठेवता विलासनं आणखी एक सांगितलं. प्रकाश रोज चहाला त्याच्या दुकानात येतो. मोबाइलकडे पाठ करून बसतो आणि म्हणतो, आज काय पाट्या हाईत त्या वाच. फोटू दावू नगंस. विलास पाट्या वाचतो, प्रकाश ऐकतो. डाळिंबाची त्यानं दोनदा वाचून घेतली. तात्यांची ऐकून मात्र हसला, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा.

मी स्टुलावर बसून राहिलो. दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, पण उठवेना.

आक्का गोळ्यांना आली तेव्हा तिला हे सांगितलं. तिनं विचारलंच नव्हतं अजून, मीच आधी सांगितलं. तिनं माझ्याकडून ते पुन्हा एकदा सांगून घेतलं. मग पदराला गाठ मारत म्हणाली, "म्हंजी कान हिकडंच हाय त्याचा."

*

त्यानंतर आक्काच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीत झालं. पहिल्या डोळ्याचं आधीच झालं होतं, त्यानं तिला चांगलं दिसायचं. ऑपरेशनला येतो येतो म्हणत प्रकाश आला नाही. आक्काला सुनंदाताईंनी माधवनगरला आपल्या घरी ठेवून घेतलं. डोळ्यात घालायचे थेंब घेऊन मी तिथं गेलो, तेव्हा तिचं प्रकाशशी फोनवर बोलणं चाललं होतं. तो विचारत असावा, आता नीट दिसतं का म्हणून.

"समदं दिसतंय," आक्का म्हणाली. "तू तेवढा दिसत न्हाईस."

तिकडून फोन बंद झाला. आक्कानं तो ताईंकडे दिला आणि म्हणाली, माझा फोटू काढा आणि कट्ट्यावर टाका.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. एका डोळ्यावर पांढरी जाड पट्टी, चिकटपट्ट्या लावलेली. ज्या पोरानं भावाचा तसला फोटो बघितला होता, त्याला आता आईचा असा दाखवायचा? माझं मन होईना. मी म्हणालो, आक्का, पट्टी निघाली की काढू. आणि तसंही तो फोटो उघडत नाही.

"पाटी तर ऐकतोय न्हवं," आक्का म्हणाली. "पाटी मी सांगते."

ताईंनी फोटो काढला. आक्का खुर्चीत ताठ बसली, हात गुडघ्यावर, आणि सांगत गेली. ताई टाइप करत गेल्या.

'जपून. फोटूत आय हाय. खुर्चीवर बसलीया. डोळ्याला पट्टी हाय, ती डाक्टरनं लावलीया. पडली न्हाई, लागलं न्हाई. रगात न्हाई. म्होरचं दात गेल्यात. बाकी समदी हाय.'

ताईंचा स्वभाव कुठं जाणार! 'आय हाय'चं 'आई आहे' करू का, असं त्यांनी विचारलं. आक्का नको म्हणाली. आपल्या पोराला वाचणाऱ्याच्या तोंडून आपलंच बोलणं ऐकू गेलं पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. ताईंनी चष्मा काढून पुसला आणि एकही अक्षर न बदलता पाटी लावली. ताईंच्या हयातीतलं ते पहिलंच असावं.

आम्ही चहा घेतला. कोइमतूरलाही चहाचीच वेळ होती. फोटोखाली नावं यायला लागली. बापू, मग आण्णा, मग तात्या. विलासचं आलं नाही. म्हणजे तो वाचून दाखवत असणार, असं मी मनाशी म्हणालो. मग बराच वेळ कुणाचंच नाव आलं नाही. आक्काचा कप भरलेलाच होता आणि चहावर साय धरली होती.

मग प्रकाशचं नाव आलं.

मी तिला सांगितलं, आक्का, प्रकाशनं उघडला. उघड्या डोळ्याला तिनं पदर लावला. दुसऱ्या डोळ्याला पाणी चालणार नाही, रडू नका, असं मी फार्मासिस्ट या नात्यानं सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं ते सांगवलं नाही.

तेवढ्यात कट्ट्यावर नवा पडदा आला. वर नाव प्रकाशचं. आक्काला वाचता येत नाही, आणि ताईंनी चष्मा पुन्हा पुसायला काढला होता, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि मी पाटी मोठ्यानं वाचायला लागलो.

'जपून. फोटूत पर्काश हाय. दुकानात उभा हाय. केस समदं पांढरं झाल्यात, दाढी वाढलीया. लय वाळलाय. आता रडलाय, त्यानं डोळं...'

"पाटी काय वाचत बसलाईस, बाबा," आक्का म्हणाली. "उघड की."